दोन भूतकाळ आणि एक शेळी

“म्हैस सांगितली,” परीक्षेच्या खोलीतून बाहेर येत मोईनभाई म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी आरामात कपाळ पुसलं.

“म्हैस?” मी बाकावरून उठलोच. “पण बाईंनी तर शेळी दिली होती.”

“शेळीमें दम नहीं था, मियाँ. विहिरीत शेळी पडली काय नि कोंबडी पडली काय, परीक्षा घेणाऱ्या त्या मादामला काय फरक पडतो? मी म्हैस पाडली. दोर ओढायला अख्खा गाव लावला. म्हैस बाहेर निघाली आणि मग सगळ्यांना जेवण दिलं.”

“एवढं सगळं फ्रेंचमध्ये?”

“मग काय उर्दूत? बाईंचीच वाक्यं. फक्त जनावर बदललं आणि शेवटाला जेवण जोडलं.”

मोईनभाई शेख खुलताबादचे. इंग्रजी पाहुण्यांना वेरूळची लेणी दाखवण्यात त्यांची उमर गेलेली. थाप मारायचीच तर ती कैलास लेण्याच्या मापाची मारावी, उगाच दगडाचा टवका काढल्यासारखी मारू नये, असं त्यांचं मत होतं. ते बाकावर माझ्याशेजारी टेकले. मी विचारलं, “आणि मावशी?”

“मावशी आहे ना. कोकणातली. तिला कशाला हात लावू?”

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पलीकडे औताडे भिंतीला टेकून पान चघळत बसला होता. त्याचं सकाळी सगळ्यात आधी आटपलं होतं. त्याला विचारलं, “औताडे, तू काय सांगितलंस रे?”

“शेळीच की. माझी मेली बिचारी.”

“माझी वाचली,” दाभाडे मधेच म्हणाला. “बाहेर काढली आन् रातच्याला दोन करडं दिली तिनं. मादाम नुसती बघत राहिली.”

सकाळपासून आत गेलेल्या एकूणएक माणसाला कोकणात मावशी होती. त्या प्रत्येक मावशीकडे एक पांढरी शेळी होती आणि ती एका दुपारी विहिरीत पडली होती. मी वाघचौरे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या रांगेत शेवटचा. आत जाऊन मीही तीच शेळी पाडणार होतो. घरून येताना एसटीत तिची दोनदा उजळणीसुद्धा केली होती.

आता ही शेळी आली कुठून ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा गाईड पण थापाच मारतोय.

ही गोष्ट फार जुनी, तेव्हाच्या औरंगाबादची. मी चोवीस वर्षांचा, वेरूळचा, एकनाथ वाघचौरे. बाप लेण्याच्या रस्त्यावर सीताफळं आणि पेरू विकायचा. मी शाळेपासून लेण्यात पडीक. जुन्या गाईडांच्या मागे मागे फिरून त्यांचं सगळं मला तोंडपाठ झालं होतं, पण सरकारी कार्ड नव्हतं, आणि कार्डाशिवाय पाहुण्यांना आत नेलं की रखवालदार हाकलून द्यायचे. इंग्रजीची कार्डं भरपूर झाली होती. फ्रेंच बोलणारा गाईड मात्र औषधालाही नव्हता आणि फ्रेंच पाहुणे तर बसच्या बस भरून येत होते. म्हणून सरकारनं परीक्षा ठेवली. आम्ही आठ जण तिच्यामागे लागलो.

माझ्या थोरल्या भावाला, नामादादाला, हे काही पसंत नव्हतं. तो वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर होता. “दगडं ती दगडं. ती दाखवून कुणाचं घर चाललंय?” असं म्हणायचा. त्यानं माझ्यासाठी कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. आमच्यात सरळ ठरलं होतं: फ्रेंचचं कार्ड मिळालं तर माझं मी बघायचं, नाहीतर एक तारखेपासून निमूटपणे वाळूज. परीक्षेच्या दिवशी रजा टाकून, स्कूटर घेऊन तो खाली आवारात येऊन बसला होता. नापास झालो की तसाच मला साहेबाच्या पुढ्यात नेऊन उभा करायचा त्याचा बेत होता. मला वाळूजला जायचं नव्हतं. लेणं सोडून दिवसभर पत्रा दाबायचा, हे माझ्यानं होणार नव्हतं.

आम्हाला फ्रेंच शिकवायच्या त्या कर्णिकबाई. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, एकट्या, समर्थनगरात राहायच्या. आमच्याकडून एक पैसा घ्यायच्या नाहीत, पण चुकलं की जी काही कानउघाडणी व्हायची, त्यापेक्षा फी परवडली असती. बाकी सगळं आम्ही घासून पुसून शिकलो. गाडी अडली भूतकाळावर. फ्रेंच लोकांचे रोजच्या बोलण्यातले भूतकाळ दोन. एकाचं नाव आंपार्फे, दुसऱ्याचं पासे कोंपोझे. ती नावं आमच्या तोंडात बसेनात म्हणून मोईनभाईंनी पहिल्याला ‘होतंवाला’ आणि दुसऱ्याला ‘झालंवाला’ करून टाकलं.

“सोपं आहे,” बाई म्हणायच्या. “लेणं उभं होतं, ऊन होतं, तू चालत होतास, हे सगळं होतंवाल्यात. पाय घसरला आणि पडलास, हे झालंवाल्यात.”

“बाई, पण कारागिरांनी लेणं कोरलं, ते कशात?” दाभाड्यानं विचारलं.

“तू कुठे उभा आहेस त्यावर आहे. त्यांच्यात बसून त्यांचा घण ऐकत असशील तर होतंवाला. सगळं आटपल्यावर बाहेर येऊन दार लोटून घेतलंस तर झालंवाला.”

दाभाडे म्हणाला, “बाई, मी तिकिटाच्या खिडकीपाशी उभा असतो.” बाईंनी कपाळाला हात लावला.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या लहानपणची एक आठवण फ्रेंचमधून सांगितली. मावशी कोकणात राहायची. तिच्याकडे पांढरी शेळी होती, ती अंगणात चरायची. एका दुपारी ती विहिरीत पडली. मी रडले. शेजारचा माणूस दोर घेऊन आला. एवढंच. त्यात दोन्ही काळ कसे आपापल्या जागी बसले होते. “परीक्षेत लहानपणची आठवण विचारतात, कारण तिथे दोन्ही काळ लागतात,” बाई म्हणाल्या. “हा नमुना झाला. आता ज्यानं त्यानं आपली आठवण तयार करून आणायची.”

बाईंनी आयुष्यभर कॉलेजातल्या पोरांना शिकवलेलं. गाईड ही काय जात असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्यात चांगला मजकूर हाताला लागला की तो पाठ करायचा, त्याला बोट लावायचं नाही. माझ्या उस्तादानं कैलासाच्या हत्तीपाशी जो विनोद केला, तोच मी करणार, आणि त्याच्या उस्तादानंही तोच केलेला. हत्ती तोच, विनोद तोच, फक्त पाहुणे नवे. तेव्हा बाईंची शेळी ऐकून आम्हा आठही जणांच्या मनात एकच आलं, की मजकूर झकास आहे. शेळी सगळ्यांनी पाठ केली. स्वतःची आठवण कुणी केली नाही, आणि दुसऱ्यानंही केली नसेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर असे आम्ही त्या बाकावर बसलेलो, आणि आतून कुलथेसाहेबांचा आवाज आला. हे पर्यटन खात्याचे साहेब. परीक्षा फ्रेंचची असली तरी सरकारी माणूस हजर पाहिजे म्हणून सकाळपासून मादामशेजारी बसलेले. त्यांना फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं, पण ‘शेळी’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते दुपारपर्यंत त्यांनाही पाठ झालं असावं.

“मॅडम, पेपर फुटलाय,” साहेब इंग्रजीत सांगत होते. “सरळ फुटलाय. आमच्याकडे असंच होतं. सगळ्यांची मावशी कोकणात कशी? तो शेख खुलताबादचा आहे. मी बॅच रद्द करतो आणि त्या शिकवणीवाल्या बाईंचं नाव वर कळवतो.”

बाकावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. औताडेनं पान गिळलं. मोईनभाई हळूच म्हणाले, “एक्कू, तू शेळी नक्को बोलना. तू कुछ भी बोल, पर शेळी नक्को.”

“मग काय बोलू?”

“आपलं काहीतरी. लहानपणी काही झालं असेल की नाही तुझ्या?”

मी डोळे मिटून लहानपण आठवायला लागलो. आणि काय सांगू, माझ्या लहानपणात काही झालेलंच नव्हतं. आई भाकऱ्या थापत होती. बाप सीताफळं विकत होता, आणि अजूनही विकतच होता. आम्ही लेण्यात माकडांच्या मागे पळत होतो. दादा मला मारत होता. सगळं होतंवालं. झालंवाल्याला एक जागा नाही. विहिरीत पडायला आमच्याकडे शेळीही नव्हती, कोंबड्या होत्या आणि त्या कधी कशात पडल्या नाहीत. मी एवढा रिकामा माणूस आहे, हे घरी एकदा जाणवलं होतं, पण त्या बाकावर पुरतं कळलं आणि भयंकर वाईट वाटलं.

“वाघचौरे,” शिपायानं हाक मारली.

आत मादाम चष्मा काढून डोळे चोळत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, मुंबईला राहणाऱ्या फ्रेंच बाई, अंगात सुती कुर्ता. माझ्याकडे बघून त्यांनी फ्रेंचमधून विचारलं, “या. तुम्हालाही मावशी आहे का?”

“आहे, मादाम,” मी म्हणालो. “पण ती कन्नडला असते आणि तिच्याकडे शेळी नाही.”

मादामनी चष्मा घातला आणि नीट बघितलं. कुलथेसाहेब टेबलावरून पुढे वाकले आणि मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाले, “हे बघ वाघचौरे, तू गरीब घरचा पोरगा दिसतोस. खरं सांगितलंस तर तुझ्या एकट्याचं बघता येईल मला. त्या बाईंनी पेपर आणला कुठून, तेवढं सांगून टाक. बाकीचे गेले उडत.”

खोटं कशाला बोलू, एक क्षण माझ्यासमोर ते कार्ड आलं. लाल फितीत गळ्यात अडकवलेलं, फोटोसकट. आणि त्याच क्षणी बाईही आल्या. एकदा मला सर्दी होती म्हणून त्यांनी चहात आलं किसून घातलं होतं, आणि तो चहा पितानासुद्धा माझी दोन क्रियापदं दुरुस्त केली होती. त्यांचं नाव वर जाणार होतं. मोईनभाई, औताडे, दाभाडे, सगळे गेले उडत.

“साहेब, मी मादामना सांगतो,” मी म्हणालो. “त्यांच्या भाषेत सांगायचं आहे ना? मग त्यांनाच सांगतो.”

आणि सुरुवात केली. पाठ केलेलं एक वाक्य जवळ नव्हतं. बाईंच्या घरी आम्ही रोज संध्याकाळी कसे जायचो, ओसरीत सतरंजीवर कसे बसायचो, हे सांगायला लागलो, आणि पहिल्या झटक्यालाच दोन्ही भूतकाळ एकमेकांच्या पायात अडकले. एकदा दाभाडेकडून चहा सांडला, तो मी होतंवाल्यात घातला, त्यामुळे बाईंकडे रोज संध्याकाळी चहा सांडायची पद्धत होती असं झालं. बाई रागवायच्या, ते झालंवाल्यात गेलं, म्हणजे त्या सबंध वर्षात एकदाच रागावल्या. बाईंनी ते ऐकलं असतं तर दुसऱ्यांदाही रागावल्या असत्या. मला चुका कळत होत्या, पण थांबून दुरुस्त करत बसलो असतो तर बाकावरच्या सात जणांची गोष्ट आतच राहिली असती. म्हणून म्हटलं, काळाचं काळ बघेल, आपण पुढे चला.

मादाम पेन्सिलीनं कागदावर खुणा करत होत्या. पण प्रत्येक खुणेनंतर मान वर करून म्हणत होत्या, “ए आलोर?” म्हणजे, मग पुढे?

मी सांगितलं, की बाईंना दोन भूतकाळ शिकवायचे होते म्हणून त्यांनी आपली आठवण सांगितली. शेळी बाईंची आहे, मावशी बाईंची आहे, विहीरही बाईंची आहे. बाईंनी आम्हाला आपापली आठवण आणायला सांगितली होती. पण मादाम, आम्ही गाईड. आम्हाला आयुष्यात कुणी स्वतःचं सांगायला सांगितलेलं नाही. कैलासापाशी मी जे बोलतो ते माझ्या उस्तादाचं, तो बोलतो ते त्याच्या उस्तादाचं. कुणाचं म्हणून कुणी विचारत नाही, चांगलं असलं की सगळ्यांचं. शेळी चांगली होती.

“ए आलोर?”

“मग मी घरी गेलो. माझी आठवण शोधायला बसलो. नाही सापडली. आमच्या घरी काही होत नाही, मादाम. माझे वडील फळं विकत होते. अजून विकतात. म्हणून मी पण शेळीच घेतली.”

“ए आलोर?”

“मग आज बाहेर बसलो होतो. मोईनभाई आले आणि म्हणाले, म्हैस.”

मादामच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांचे खांदे आधी हलले, मग चष्मा नाकावरून घसरला आणि त्या जे हसत सुटल्या ते थांबेचनात. त्यांनी ती म्हैस नुकतीच ऐकली होती, जेवणासकट. कुलथेसाहेब बावरून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागले. “काय सांगितलं यानं? पेपर कुणी फोडला?”

मादामनी डोळे पुसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “पेपर नहीं फूटा, साहब. बकरी फूटी.”

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, म्हणून त्या इंग्रजीत नीट समजावून सांगत बसल्या. गाईड असेच असतात, या लोकांनी चोरी केलेली नाही, धंद्याची सवय आहे, वगैरे. साहेब ऐकून घेत होते, पण त्यांना ती फुटलेली परीक्षा सोडवत नव्हती. मग मादाम म्हणाल्या, “असं करा, सगळ्यांना आत बोलवा. मी एकेकाला विचारते, आज सकाळी घरातून निघाल्यापासून इथे येईपर्यंत काय काय झालं. हे तर कुणी पाठ करून आलेलं नसेल?”

सगळे आत आले. पहिल्यांदा सगळ्यांची बोबडी वळली, पण माणसाला स्वतःची सकाळ सांगायला लावली की तो फार वेळ गप्प बसत नाही. दाभाड्याची सायकल पंक्चर झाली होती आणि तो ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून आला होता. मोईनभाईंच्या बायकोनं परीक्षेला जाताना शकुन म्हणून त्यांच्या हातावर साखर ठेवली होती आणि ती निघाली मीठ. ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, तसंच गिळून आले होते. हे सांगताना मोईनभाईंनी एकही थाप मारली नाही, आणि त्यांचे तिन्ही-चारी झालंवाले बरोबर आले. एकट्या औताडेला काही सुचेना. तो बिचारा फिरून फिरून शेळीवर येत होता.

तासाभरानं साहेबांनी निकाल वाचला. औताडे सोडून सगळे पास. औताडेला पुढच्या साली कार्ड मिळालं, तेव्हा त्यानं स्वतःच्या लग्नाची वरात सांगितली म्हणे. माझं नाव आलं ते अगदी शेवटी आणि अगदी काठावर. कुलथेसाहेब काही ते सोडायला तयार नव्हते.

“मॅडम, याच्या कागदावर तर नुसत्या खुणाच आहेत तुमच्या. हा पास कसा?”

“याचे काळ चुकले,” मादाम म्हणाल्या. “सगळ्यात जास्त यानंच चुकवले. बाकीच्यांची शेळी अगदी अचूक होती, साहेब. पण सकाळपासून त्या शेळीचं पुढे काय झालं, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. याला मी सारखी विचारत होते. काळ काय, शिकेल हळूहळू. ते दुसरं शिकवता येत नाही.”

मी खाली आलो तेव्हा नामादादा लिंबाखाली स्कूटरला टेकून उभा होता. त्यानं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, “झालास?”

“झालो. काठावर.”

“काठावर म्हंजे झाला का नाही?”

“झालो दादा. कार्ड मिळंल.”

मला वाटलं, आता हा भडकणार. साहेबाला शब्द दिला, रजा फुकट गेली, नाक कापलंस, असलं काहीतरी ऐकायची तयारी मी जिन्यातच केली होती. पण त्यानं नुसती किक मारली. “बस,” म्हणाला.

दौलताबादचा किल्ला मागे पडला. घाटात स्कूटर धापा टाकायला लागली तेव्हा मान न वळवताच म्हणाला, “आत येवढा येळ काय करत होतास? परीक्षा तर अर्ध्या तासाची म्हनला होतास.”

मी त्याच्या पाठीमागून, वाऱ्यात ओरडून ओरडून सगळं सांगितलं. शेळी, म्हैस, कुलथेसाहेबांचं ते गोड बोलणं. तिथे त्यानं गाडी जरा हळू केली. “मग त्या बाईनं पेपर आणला म्हनून कामून नाही सांगितलंस? लगीच मिळालं असतं की.”

“असं कसं सांगू?”

“व्हय,” दादा म्हणाला आणि गाडीला पुन्हा वेग दिला.

वेरूळला घराकडे वळायच्या ऐवजी त्यानं स्कूटर सरळ लेण्याच्या फाटकापाशी नेली. बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. रखवालदार ओळखीचा. पास झालो म्हणून सांगितलं तर त्यानं हसून आत सोडलं. आम्ही दोघं लहानपणी ह्याच अंगणात माकडांच्या मागे पळालेलो, हत्तीच्या पाठीवर चढून मार खाल्लेला. कैलास लेण्याच्या मधोमध दादा उभा राहिला, मान वर करून बघितलं आणि म्हणाला, “सांग.”

“काय सांगू?”

“त्या गोऱ्यांना सांगतोस ते. मला कुणी कधी सांगितलंय?”

हे खरं होतं. त्याच्यासाठी हे अंगण होतं, खेळायचं. पुढे तो वाळूजला गेला. घरात लेण्याचा विषय निघाला की मी फुगायचो आणि तो ‘दगडं ती दगडं’ म्हणायचा, आणि तिथेच बोलणं संपायचं. आधी मी उस्तादाचा मजकूर सुरू केला, हात मागे बांधून, तसाच घसा खाकरून. दोन वाक्यं झाल्यावर वाटलं, दादापुढे हे कसलं नाटक. मग मी त्याच्याशेजारी दगडावर बसलो आणि आपण चूल पेटल्यावर बोलतो तसं बोलायला लागलो.

“इथं काही नव्हतं, दादा. नुसता डोंगर. एका राजाला लई मोठं दुखणं आलं. राणीनं देवाला नवस बोलला, राजा बरा झाला तर तुझं देऊळ बांधीन, आणि देवळाचं शिखर डोळ्यांनी बघितल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. राजा झाला बरा. आता आली का पंचाईत. देऊळ बांधायला पिढ्या जातात आणि शिखर तर सगळ्यात शेवटी चढतं. तोवर राणी जगती का?”

“मग?” दादा म्हणाला.

“मोठमोठे कारागीर आले आणि हात जोडून परत गेले. शेवटी एक जण आला. तो म्हणाला, तुम्ही उगाच घाबरता. मी खालून बांधतच नाही. डोंगराच्या माथ्यावर चढतो आणि वरून खाली कोरत येतो.”

दादानं पुन्हा मान वर केली. ते शिखर, त्याच्याभोवती उभा कापलेला डोंगर, हे सगळं त्यानं हजारदा बघितलेलं. पण आता तो वरून खाली बघत होता, एकेक थर. प्रेसवर काम करणारा माणूस तो, लोखंड कसं कापतात ते त्याला ठाऊक होतं. त्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात काहीतरी मापत असल्यासारखे. मी पुढचं सांगायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो.

मागे रखवालदारानं शिट्टी वाजवली. मी उठलो, कपडे झटकले. “चल, बंद करतायत. आणि दादा, वाळूजच्या साहेबाला काय सांगायचं? उद्या मी येऊन भेटू का त्यांना?”

दादा जागचा हलला नाही.

“साहेबाला मी सांगतो काय ते,” तो म्हणाला. “तू खाली बस. ती राणी जेवली का नाही, ते सांग.”